स्थिरचित्रासाठी उसनी चरवी

रामराव नरवाडे यांनी चित्रासाठी मांडलेली वांगी त्यांच्या पत्नी विमलताईंनी पुन्हा एकदा भाजली, तेव्हा या घरात स्थिरचित्र निघणं शक्य नाही हे रामरावांच्या ध्यानात आलं.

वांगी काही साधी नव्हती. महागावच्या बाजारात भाजीवालीचा अख्खा ढीग उपसून ती निवडली होती. एकाचा देठ डावीकडे वळलेला, दुसऱ्याच्या पोटावर खिडकीचा उजेड चकाकणारा. टीपॉयवर निळी चादर, चादरीला मुद्दाम पाडलेल्या चुण्या, त्यावर वांगी आणि मागे स्टीलचा गडवा. उजेड बाहेरून कसा येतो ते पाहायला म्हणून रामराव अंगणात गेले, तिथे नळाची तोटी गळताना दिसली, ती पिळली, मग फाटकाची कडी वाजत होती ती ठोकली, आणि परत येईपर्यंत घरभर भरताचा वास सुटला होता.

"मले काय मालूम ते चित्राचे वांगे हायेत म्हनून," विमलताई म्हणाल्या. "चिठ्ठी लावून ठेवत जा त्याइले."

रामराव महागावच्या तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून त्यांना एका जागी बसवत नव्हतं. कार्यालयात ते सकाळी खुर्चीत बसले की संध्याकाळीच उठत. लोक उभे राहत आणि हे बसत, अशी तिथली रीतच होती. आता उभं राहणारं कोणी नसल्यामुळे बसण्यातली गोडी गेली असावी. पेपर अर्धा वाचून उठत, चपला ओळीत लावत, गच्चीवर जाऊन टाकीत डोकावत. शेवटी डॉक्टरांनी छंद लावून घ्या म्हणून सांगितलं, आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीने, सुरभीने, रंगांची पेटी पाठवून दिली. शाळेत असताना रामरावांनी इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली होती आणि चित्रकलेच्या गुरुजींनी त्यांचा हात स्थिर आहे असं सांगितलं होतं. हात होताही स्थिर. बाकीच्या देहाबद्दल गुरुजी काही बोलले नव्हते.

वांग्यांची हकीकत गल्लीत पसरली, आणि सल्ले सुरू झाले. विमलताईंच्या भजनी मंडळातल्या बेबीताई म्हणाल्या, "देवाचं चित्र काढा ना भाऊजी. त्याले कोनी चुलीवर ठेवत नाई." शेजारी कृषी केंद्र चालवणारा इंद्रजीत राठोड म्हणाला, "मोबाईलात फोटो काढा काका, अन् त्याच्यावरून करा. वस्तू पळून जाईन का अशी भीतीच नाई." रामरावांना हे लागलं. फोटोवरून चित्र काढणं म्हणजे सातबारा न पाहता खरेदीखत करणं, असं त्यांचं मत होतं.

सुरभी फोनवर म्हणाली, "बाबा, एखाद्या म्युझियममध्ये जा ना. खूप आर्टिस्ट जातात. तिथे इन्स्पिरेशन मिळतं, आणि तिथल्या वस्तू कोणी खात नाही."

उमरखेडला एका ट्रस्टने जुन्या तेलघाणीच्या जागेत लोकजीवन संग्रहालय उघडलं होतं. रामराव एसटीने गेले. नांगर, तिफण, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा, असं पाहत पाहत ते शेवटच्या दालनात पोहोचले आणि थबकले. तिथे जुन्या काळचं स्वयंपाकघर उभं केलं होतं. मातीची चूल, तिच्यावर काळा तवा, भिंतीला टेकवलेली, भाकरी थापायची लाकडी काठवट, कोपऱ्यात रांजण, वर खुंटीला कंदील. छपरातल्या काचेच्या कौलातून उन्हाची एक तिरीप उतरून बरोबर रांजणाच्या खांद्यावर बसली होती. रामराव एवढा वेळ उभे राहिले की सुरक्षारक्षकाने येऊन त्यांना पाणी पाहिजे का विचारलं.

फक्त एक गोष्ट त्यांना खुपत होती. रांजण आणि काठवट यांच्यामध्ये जागा रिकामी होती. सगळं मातीचं आणि लाकडाचं, तपकिरी आणि काळं. तिथे काहीतरी पितळेचं पाहिजे होतं, म्हणजे उन्हाला धरायला जागा मिळाली असती. परतीच्या बसमध्ये तीच जागा त्यांच्या डोळ्यांपुढे होती. जेवताना त्यांनी भाकरी आणि पाण्याचा गडवा यांच्यामध्ये वाटी सरकवून पाहिली. विमलताईंनी वाटी पुन्हा जागेवर ठेवली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पितळ त्यांना दिसलं. इंद्रजीतच्या आईने, धनीबाईने, चिंचेने घासलेली एक चरवी कुंपणाच्या भिंतीवर उन्हात पालथी घातली होती. धनीबाई मुळातली बंजारा तांड्यावरची. मुलाने दुकान काढल्यावर महागावात राहायला आलेली. सगळी गल्ली तिला याडी म्हणायची, म्हणजे तिच्या बोलीत आई. चरवी जुनी, जाड काठाची, पोटाशी पोचा आलेली, आणि पितळ असं की त्यात सकाळ उतरली होती.

"याडी, ही चरवी दुपारपुरती देता का? चित्रासाठी पाहिजे," रामरावांनी विचारलं.

याडीने चरवी उचलून छातीशी धरली. "ही नातीच्या, अंजूच्या लग्नाची हाय, रामराव. आमच्या घरची पोरगी निंघताना हिच्यातलं पानी पिऊन निंघते. लग्न तोंडावर आलं."

"सांजेच्या आत आणून देतो. माझ्या शब्दावर द्या."

याडीने पदराने चरवीचा काठ पुसला. मग तिने चरवी दिली, पण दोन्ही हातांनी.

संग्रहालयाच्या दारावर पिंटू नावाचा सुरक्षारक्षक असे. नाव पिंटू असलं तरी माणूस चाळिशीचा, पोट सुटलेला, गणवेशाची बटणं ताणून बसलेला. रामराव पिशवीत चरवी घेऊन पोहोचले तेव्हा तो चहाला गेला होता, त्यामुळे पिशवी कोणी तपासली नाही. संग्रहालयाच्या व्यवस्थापक शीला मॅडम यांच्याकडून त्यांनी रीतसर परवानगी घेतली. पेन्सिल चालेल, रंग चालणार नाही. उभं राहून काढता येईल, बसता येणार नाही, कारण आतल्या बसायच्या सगळ्या वस्तू प्रदर्शनातल्या आहेत. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'वस्तूंना हात लावू नये, वस्तू हलवू नये.' रामरावांनी फलक पुन्हा वाचला. वस्तू ठेवू नये असं कुठेही लिहिलं नव्हतं. उभ्या नोकरीत त्यांनी इतका स्वच्छ फलक पाहिला नव्हता. त्यांनी दोरीवरून वाकून चरवी रांजण आणि काठवट यांच्यामध्ये ठेवली.

ऊन आलं आणि चरवीवर बसलं. रामरावांची पेन्सिल चालू लागली. मधेच एका शाळेची सहल आली. सरांनी मुलांना चरवी दाखवून सांगितलं, "ही पाहा, किमान दोनशे वर्षांपूर्वीची असेल. असं पितळ आता होत नाही." रामराव त्या वेळी चरवीच्या गळ्याच्या वळणावर होते, म्हणून बोलले नाहीत. खरं तर त्यांना आतून बरंही वाटलं होतं.

पाय भरून आले म्हणून ते बाहेर जाऊन चहा पिऊन आले. येतात तो दालनात एक फोटोग्राफर उभा, दिवे लावलेले, आणि शीला मॅडम प्रत्येक वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी लावत होत्या. वस्तूंची मोजदाद नेमकी त्याच दिवशी होती. चुलीला चिठ्ठी लागली, तव्याला लागली, आणि चरवीच्या गळ्यातही दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी लोंबत होती.

"मॅडम, ती चरवी माझी आहे," रामराव म्हणाले.

शीला मॅडम वयाने सुरभीएवढ्या, चष्मा केसांवर सरकवलेला. त्यांनी वळून पाहिलं. "तुमची? मग ती इथे कशी?"

"मी ठेवली. चित्रासाठी."

"पिंटूभाऊ, हे आत येताना यांच्याजवळ चरवी होती?"

पिंटू प्रामाणिक माणूस होता. "मी नाई पाह्यली मॅडम. गेटवर आनल्याची नोंद नाई. अन् नोंद नाई तं बाहेर नेता येत नाई. मागं एकानं असाच अडकित्ता नेल्ता."

रामरावांच्या आयुष्यातला हा मोठा चमत्कारिक क्षण होता. आपल्यावर अन्याय होतो आहे हे त्यांना दिसत होतं, आणि हरकत बिनतोड आहे हेही दिसत होतं. आत आलेलंच नाही ते बाहेर कसं जाणार? हा प्रश्न त्यांनी स्वतः काढला असता. त्यांच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला त्यांनीही हेच सांगितलं असतं, आणि वर चष्म्यातून पाहिलंही असतं.

घरी आल्यावर त्यांनी याडीला सांगितलं, चित्र अजून अपुरं आहे, चरवी तिथेच ठेवली, फार जपून ठेवली आहे. यातला प्रत्येक शब्द खरा होता. त्यामुळे त्यांना जास्तच अस्वस्थ वाटू लागलं. ते अंगणातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात फिरत राहिले. कुंपणापलीकडे लग्नाचे पापड वाळत होते, तिकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उमरखेडला गेले. शीला मॅडमनीही रात्रभर विचार केलेला दिसला.

"सर, मला तुमचं पटतं," त्या म्हणाल्या. "पण चरवी यादीत आली, फोटोत आली, आणि ती कुठून आली याचा रकाना कोरा आहे. कोरा रकाना ठेवून मी ती बाहेर सोडू कशी? मी इथे कंत्राटावर आहे. आधी तिची रीतसर आवक दाखवू. भेट म्हणून. मग तुम्ही परत मिळण्यासाठी अर्ज करा."

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण रामरावांना त्यात खोट दिसली नाही. जी गोष्ट कागदावर आलीच नाही ती कागदावरून उतरवता येत नाही, हे ते इतकी वर्षं लोकांना सांगत आले होते. त्यांनी भेटपत्रावर सही केली. सही होते न होते तोच पिंटूने कुठूनशी शाल आणि नारळ आणला, कारण देणगीदाराचा सत्कार करायचा असा ट्रस्टचा नियम होता. फोटोग्राफर होताच. रामरावांच्या हातात चरवी दिली, खांद्यावर शाल टाकली, आणि त्यांना हसायला सांगितलं. मग चरवी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि नारळ दिला.

नारळ घेऊन ते घरी आले. विमलताईंनी विचारलं, हे कुठलं? "मिळालं," ते म्हणाले. विमलताईंनी शाल चाचपून पाहिली आणि पुढचं विचारायचं उद्यावर ठेवलं.

पण उद्या पेपर आला. तालुक्याच्या पानावर मथळा होता, 'दुर्मीळ चरवी संग्रहालयास भेट', आणि खाली शालीतले रामराव. 'आपल्या घराण्यातील ठेवा समाजाला अर्पण केल्याबद्दल त्यांचे सर्वत्र कौतुक होत आहे,' असंही होतं. बेबीताई सकाळीच येऊन कौतुक करून गेल्या. त्या गेल्यावर याडी आली. तिला वाचता येत नव्हतं, पण फोटो दिसत होता. ती ओसरीच्या पायरीवर बसली, पेपर मांडीवर पसरला.

"चरवीचा फोटो बरा आला," ती म्हणाली. "तुमचा जरा वाकडा आला."

रामराव उभेच राहिले. आतून विमलताई आल्या, त्यांनी पेपर पाहिला, शालीचा उलगडा त्यांना तिथेच झाला. त्या याडीच्या शेजारी जाऊन बसल्या. नवऱ्याच्या बाजूला बसायचं सोडून तिकडे बसल्या, हे रामरावांच्या लक्षात आलं.

"माह्या सासूनं तिच्या पोरीयले पाजलं, मी माह्यावाल्या पोरीयले पाजलं," याडी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "अंजू कायच्यातलं पिईन आता?"

"याडी, ते कागदावर तेवढं भेट दाखवलं आहे. तो एक प्रक्रियेचा भाग..." रामराव बोलता बोलता थांबले. "उद्या आणतो मी."

"जमिनीच्या फेरफाराच्या वक्ती तुमच्या हापिसात आली होती मी," याडी म्हणाली. "तवाबी तुमी असंच म्हनत होते. उद्या या."

ती पेपर तिथेच ठेवून गेली.

"काहून केलं तुमी असं?" विमलताईंनी विचारलं.

   रामरावांनी पायात चपला सरकवल्या आणि जेवण न करताच बसस्टॉप गाठला.

संग्रहालयात त्यांनी अर्ज दिला. शीला मॅडमनी तो वाचला आणि चष्मा काढला. भेट आलेली वस्तू परत द्यायला समितीचा ठराव लागतो, समिती अध्यक्षांशिवाय बसत नाही, आणि अध्यक्ष मुलाकडे परदेशात गेले आहेत.

"पण तुम्हीच म्हणाला होता, अर्ज करता येईल."

"करता येईल म्हणाले होते सर. मिळेल असं नव्हते म्हणाले."

हे वाक्य रामरावांनी कितीतरी लोकांना ऐकवलं होतं. समोरच्या बाजूने ते इतकं वेगळं ऐकू येतं हे त्यांना माहीत नव्हतं. ते मागे मांडलेल्या बाजेवर बसले.

"सर, ते वस्तू हाय," पिंटू म्हणाला.

ते उठले. उभे राहूनच बोलले, आणि या खेपेला त्यांच्या बोलण्यात कार्यालयातला एकही शब्द आला नाही. "मॅडम, चरवी माझी नाही. मी खोटं बोललो. शेजारणीची आहे. तिची नात सासरी चालली आहे. त्या घरची पोरगी त्या चरवीतलं पाणी पिऊन निघते. शेजारणीने मला शब्दावर दिली होती, आणि मी पेपरात फोटो काढून घेतला."

  मग मॅडमनी कपाटातून नियमावली काढली आणि त्या व रामराव डोकं घालून वाचू लागले. बऱ्याच वेळाने मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवलं. "प्रदर्शनासाठी अन्य संस्थेस वस्तू तात्पुरती देता येते. सोबत कर्मचारी पाठवावा. पण संस्था पाहिजे, सर."

रामरावांच्या चेहऱ्यावर जुना रंग परत आला. "विवाह ही संस्थाच आहे, मॅडम. विवाहसंस्था. कोणत्याही पुस्तकात पाहा."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, पेन उघडलं आणि संस्थेच्या रकान्यात लिहिलं, विवाह.

लग्न तांड्यावर होतं. पिंटू सकाळीच आला, कडक इस्त्रीच्या गणवेशात, हातात लाकडी खोकं. खोक्यात कापूस, कापसात चरवी. अटी त्याला पाठ होत्या. वस्तू नजरेआड करायची नाही, तिला शेंदूर, तेल किंवा पाणी लागू द्यायचं नाही. मांडवाच्या खांबाला टेकून तो जो बसला तो हललाच नाही. नवरदेवाकडची मंडळी मुकुटबनकडची. त्यांनी गणवेशातला माणूस आणि खोकं पाहिलं आणि आपापसात बोलू लागली. नवरदेवाची आई मैनाबाई जवळ येऊन म्हणाली, "भाऊ, याच्यात काय हाय?"

"सांगता येत नाई," पिंटू म्हणाला. त्याला एवढंच म्हणायचं होतं की सांगत बसलं तर लांबण लागेल. पण त्यानंतर मुकुटबनची मंडळी इंद्रजीतशी फार अदबीने बोलू लागली आणि जेवणात मिठाला कमी आहे अशी जी कुजबूज चालली होती ती बंद झाली.

रामराव मात्र एकाही खुर्चीवर टिकले नाहीत. खोक्याकडे एक चक्कर, याडीकडे एक चक्कर. याडी त्यांच्याशी बोलत नव्हती. विमलताईंनी त्यांना अक्षता वाटायला लावलं, त्या त्यांनी घाईघाईत एकाच रांगेला पुन्हा पुन्हा वाटल्या.

निघायची वेळ झाली. अंजूने बायकांच्या गळ्यात पडून ढावलो सुरू केला, म्हणजे सासरी जाणाऱ्या लेकीने आळवायचं रडगाणं, आणि मांडवातलं बोलणं थांबलं. याडी खोक्याजवळ आली. तिने कापूस बाजूला सारला, चरवी काढली, गळ्यातली चिठ्ठी तोडून पिंटूच्या हातात दिली, आणि रांजणाकडे वळली.

"आजी, पानी लावता येत नाई तिले," पिंटू लगबगीने उठला. "लिहेल हाय. माही नोकरी जाईन."

याडीने चरवी भरली आणि त्याच्याकडे पाहिलं. वैशाखाचं ऊन, जाड गणवेश, आणि सकाळपासून तो खोकं सोडून कुठे गेला नव्हता.

"तू पेला का पानी, लेका?"

पिंटूने ओंजळ पुढे केली. याडीने त्याच्या ओंजळीवर चरवी धरली. तो वाकला. वाकला तो पाणी पीत राहिला, पीत राहिला, मग त्याने तोंडावरून हात फिरवला आणि बाजूला सरकला. नियमाबद्दल पुन्हा कोणी काही बोललं नाही. याडीने चरवी नव्याने भरली. अंजू प्याली, हुंदक्यात थोडं पाणी सांडलं, आणि ती गाडीकडे निघाली.

रामरावांचा श्वास मोकळा झाला. पण याडी गाडीपर्यंत गेली आणि तिने रिकामी चरवी अंजूच्या मांडीवर ठेवली.

"याडी, ते वापस द्या लागते," इंद्रजीत म्हणाला.

"घरात ठेवली तं कोनी चित्राले मागते, कोनी फोटोले," याडी म्हणाली. "पोरगी नेईन. तिची पोरगी पिईन हिच्यातलं."

गाडी निघाली. धुळीत पिंटू खोकं घेऊन उभा राहिला. खोक्यात कापूस होता.

त्या वेळी रामरावांना विमलताईंबरोबर सरळ घरी जाता आलं असतं. पिंटूने त्यांना थांबवलंही नसतं. तो चिठ्ठीकडे पाहत होता. पण रामराव म्हणाले, "चला पिंटूभाऊ. मी येतो," आणि दोघं उमरखेडच्या बसमध्ये चढले.  संग्रहालयात पोहोचल्यावर रामरावांनी खोकं स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवलं. "यांची चूक नाही. पाहिजे तर माझ्यावर फिर्याद करा," ते म्हणाले.

शीला मॅडमनी कापसात हात घालून पाहिलं.  मग म्हणाल्या, "ती मुलगी पाणी प्याली?"

"प्याली," पिंटू म्हणाला.

मॅडम उठून शेवटच्या दालनात गेल्या. चूल, काठवट, रांजण, आणि मध्ये ती जागा. "आता अध्यक्षांना काय दाखवू? फोटोत चरवी आहे," त्या म्हणाल्या. मग वळून म्हणाल्या, "सर, तुमचं ते चित्र पुरं झालं का?"

झालं नव्हतं. घरी रामरावांनी अर्धं रेखाटन टीपॉयवर मांडलं, पण समोर वस्तू नव्हती आणि आठवणीतली चरवी दर खेपेला वेगळी निघत होती. एका सकाळी याडी कुंपणाजवळ आली, लग्नानंतर पहिल्यांदाच. "पोचा तिथं नाई," ती म्हणाली. "खाली, डाव्या अंगाले. माह्या नवऱ्यानं बैलगाडीतून पाडली होती." मग ती आत येऊन बसली. काठ इतका पातळ नव्हता, पोट इतकं गोल नव्हतं, तळाशी काळं होतं कारण एकदा तिच्यात दूध उतू गेलं होतं. ती सांगत गेली, रामराव काढत गेले. विमलताईंनी चहा आणून ठेवला, तो निवाला, दुसरा आणला तोही निवाला, आणि रामराव उठले नाहीत.

अध्यक्ष परत आल्यावर समितीने वस्तूऐवजी वस्तूचे चित्र ठेवण्यास मान्यता दिली. चुलीमागच्या भिंतीवर, रांजण आणि काठवट यांच्यामध्ये, ते लागलं. खालचा फलक शीला मॅडमनी स्वतः लिहिला होता. 'पितळी चरवी. मूळ वस्तू मुकुटबन परिसरात. सध्या वापरात.' चित्रकाराचं नाव फलकावर मावलं नव्हतं. रामरावांनी फलकाच्या कडा बारकाईने पाहिल्या. त्यांच्या मते मावलं असतं.

शाळा उघडल्यावर ते विमलताईंना चित्र दाखवायला घेऊन गेले. त्याच वेळी एक सहल आली. पिंटू मुलांना घेऊन दालनात आला आणि त्याने चुलीकडे, तव्याकडे फारसं पाहिलं नाही. सरळ चित्रापुढे जाऊन थांबला. रामराव जरा पुढे सरकले आणि त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली.

"हे चित्र हाय," पिंटू म्हणाला. "पन खरी चरवी मुकुटबनकडं हाय, एका पोरीच्या घरी. मी पेलो हाये तिच्यातलं पानी."

"कसं होतं काका?" एका मुलीने विचारलं.

"थंडगार," पिंटू म्हणाला. "असं पानी मी पेलोच नवतो."

 मग तो त्यांना नांगराकडे घेऊन गेला. रामराव चित्रापुढे उभे राहिले. त्या चरवीतलं पाणी त्यांना कोणी दिलं नव्हतं, आणि त्यांनी मागितलंही नव्हतं.